मरीआई सातवीतून गेली

ताई गेल्यावर भेटायला आलेल्या एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि त्या म्हणाल्या, "तुमची ताई फार शांत होती हो. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." अशा वेळी मान हलवायची असते, हे मला कळतं. मी हलवली नाही. शांत मी आहे. जन्मभर पुस्तकांत डोकं घालून बसले, कधी कुणाशी वाद घातला नाही. ताईचा आवाज बारीक होता, एवढंच. बारीक आवाजाच्या बाईला शांत म्हणून टाकलं की तिने काय काय केलं ते आठवण्याची जबाबदारी संपते.

माझी संपलेली नाही. तेरावा झाल्यावर मी एकटीच मुलुंडला गेले.

आमच्या शाळेच्या जागी आता उंच इमारत आहे. खाली गाड्या, वर काचा, दाराशी निळ्या गणवेशातला रखवालदार. मी बराच वेळ उभी राहिले तसा तो उठून आला.

"किसको मिलना है, आजी?"

"कोणाला नाही. इथे आमची शाळा होती."

"इधर? इधर तो पहले से बिल्डिंग है."

"पहले से नहीं," मी म्हटलं. माझ्या मानाने हे फार मोठ्याने झालं असावं, कारण त्याने मुकाट्याने आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले. इमारतीच्या मागे सिमेंटच्या झाकणाखालून पाणी वाहत होतं. त्याचा आवाज ओळखीचा होता. तो आमचा ओढा.

मुलुंड तेव्हा मुंबईत की ठाण्यात, यावर चाळीत रोज संध्याकाळी वाद घालता येत असे. स्वातंत्र्याला दहा वर्षं होत आली होती. रुळांच्या पूर्वेला मिठागरं. उन्हाळ्यात तिथे मिठाचे ढीग इतके पांढरे होत की बघताना डोळे बारीक करावे लागत, आणि वारा फिरला की दोरीवरच्या कपड्यांना खारट वास येई. पश्चिमेला डोंगर. मधे आखून काढलेले सरळ रस्ते, तबेले, ताडाची झाडं, कारखान्याचा भोंगा आणि आमची चाळ. चाळीत कोणी रत्नागिरीकडचं, कोणी मालवणकडचं, कोणी घाटावरचं. आमचे अण्णा फोर्टात एका कचेरीत कारकून होते. ते रोज इस्त्रीचा कोट घालून जात, आणि घरी आल्यावर तो कोट खुंटीवर अशा बेताने टांगत की त्यात अजून कोणी माणूस आहे असं वाटावं.

रस्ता संपतो तिथे शाळा. एका ओळीत चार खोल्या, वर मंगलोरी कौलं. डाव्या अंगाला कारखान्याची भिंत, उजव्या अंगाला वाडीचं निवडुंगाचं दाट कुंपण, मागे ओढा. शेवटची मोठी खोली सातवीची, सहावीही तिथेच बसे. तिला दोन दारं होती, एक पुढच्या अंगणात उघडणारं आणि एक मागे ओढ्याकडे. पुढून वारा आला की मागून निघून जाई, आणि जाताना भिंतीवरचा हिंदुस्थानचा नकाशा फडफडवून जाई. त्या फडफडीत शिकलेला भूगोल मी अजून विसरलेले नाही. ओल्या पाट्यांचा वास, खडूच्या भुकटीचा वास, आणि पावसाळ्यात सगळ्यांच्या दप्तरांना येणारा कुबट वास. घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा, पिंपळाला टांगलेला. तो वाजला की चाळीच्या गॅलरीतली भांडी बारीक झणझणत.

ताई त्या वर्षी सातवीत जायची होती. सातवीच्या शेवटी फायनल असे. फायनल झालेल्या मुलीला पुढे मास्तरीण होता येत असे, आणि ताईला मास्तरीण व्हायचं होतं. हे तिने कधी जाहीर केलं नव्हतं. तिच्या बोलण्यात "बाई झाले की" असं आपोआप यायचं, जसं दुसऱ्या मुलींच्या बोलण्यात "लग्न झालं की" येई. तिच्या बाकावर तिच्या शेजारी कुसुम बसायची. कुसुम म्हणजे खालच्या मजल्यावरच्या तानूमावशीची एकुलती एक मुलगी. तानूमावशी मालवणकडच्या. नवरा परळला गिरणीत, आणि मावशी दिवसभर चुलीसमोर किंवा नळावर. त्यांची हाक चाळभर ऐकू येई.

शाळा उघडायच्या आधीच ताप आला. वर्तमानपत्रात त्याचं नाव इन्फ्लुएंझा होतं, अण्णा फ्लू म्हणत, आणि चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांनी त्याला आपल्या लहानपणच्या साथीचं नाव दिलं होतं. "मानमोडी परत आली," ती म्हणत, आणि हे म्हणताना आवाज खाली आणत. बोटीतून आला म्हणे. मला तेव्हा ताप बोटीतून कसा उतरत असेल याचं नवल वाटे. हातात ट्रंक असेल का, छत्री असेल का.

वासांवरून ते दिवस मला अजून ओळखता येतात. सुंठ आणि गवती चहाचा काढा. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर. रुमालावरचं निलगिरीचं तेल. दवाखान्यातून आणलेली लाल औषधाची बाटली, तिच्या पोटाला चिकटवलेली कागदाची कातरलेली पट्टी, आणि एकेका कातऱ्यावर डोस उतरत जाई तसं आईचं आशेने ते बघणं. प्रत्येक खोलीतून खोकला. कोण खोकतंय हे न बघता सांगता येई. मी पडले, ताई पडली, आई पडली, उठलो. कुसुम पडली आणि आठवडाभरात गेली.

तानूमावशींचा त्या दिवशीचा आवाज मला आठवत नाही. पुढचे कितीतरी दिवस त्यांची हाक आली नाही, हे आठवतं. आणि कुसुमची लाल रिबीन दोरीवर वाळत राहिली होती, ती कोणी काढेना, हे आठवतं.

आषाढात, चाळीतला ताप ओसरू लागला होता तेव्हा, जिवबांनी गाडा काढायचं ठरवलं. जिवबा घाटावरचे, कारखान्यात पहाऱ्यावर. त्यांच्या गावी साथ आली की मरीआईचा गाडा करत. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी बसवायची, तिला दहीभात, लिंबं, हळदकुंकू, हिरवा खण द्यायचा, आणि वाजतगाजत गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडायचं. पुढच्या गावाने तो आपल्या वेशीपलीकडे न्यायचा. एकदा सोडलेला गाडा मागे आणायचा नाही. मागे आणला तर साथ त्याच्याबरोबर घरात येते. गाडा खोक्यांच्या फळ्यांचा झाला, चाकं एका मोडक्या बाबागाडीची. देवी मातीची, मोठ्या डोळ्यांची. सगळ्यांनी काही ना काही वाहिलं. तानूमावशी आल्या, कुसुमची हिरवी काकणं त्यांनी देवीच्या हातांवर चढवली, आणि परत गेल्या.

गावात वेस कुठे आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या चाळीत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्याची त्याची वेस गावी राहिली होती.

आधी गाडा रुळांकडे नेला, मिठागरांच्या बाजूला. तिकडची माणसं फाटकाशी काठ्या घेऊन उभीच होती.

"इकडं नाय आणायचा! आमची पोरं काय रस्त्यावर पडल्यात?"

"देवी आहे बाबा, पुढे न्यायची असते," जिवबा म्हणाले.

"मग तुमच्या घरात ने ना पुढं!"

गाडा वळवला. मग डोंगराकडच्या रस्त्याला लागलो. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी बायका पदर कमरेला खोचून उभ्या. हलगी वाजत होती, पाऊस भुरभुरत होता, ऊद ओला होऊन नुसता धुमसत होता. असे सगळीकडून हाकलले जात आम्ही शाळेच्या रस्त्याला आलो, आणि शाळेच्या फाटकात गाड्याचं चाक निखळलं. सगळे थांबले. शाळा बंद होती. शाळा कोणाच्या घरासमोर नव्हती. कोणीतरी म्हणालं, "हीच वेस धरा," आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. नारळ फोडला, पाठ फिरवली, मागे न बघता माणसं घरी गेली. ताई मात्र सारखी वळून बघत होती.

श्रावण लागला. घाटकोपरच्या, ठाण्याच्या शाळा उघडल्या. आमच्या बाई ठाण्याहून येत. त्या रोज येत, छत्री मिटून गाड्याच्या बाजूने अंग चोरून आत शिरत, आणि अकराला घंटा वाजवत. गॅलरीतली भांडी झणझणत. कोणी जात नसे. देवी फाटकात बसलेली, तिच्या अंगावरून मुलं कशी पाठवायची? दिवसभर बाई रिकाम्या वर्गात बसत आणि पाचला पुन्हा घंटा वाजवून शाळा सोडत. कोणाला सोडत असतील?

त्या घंटेखाली चाळीतली मुलं हळूहळू दुसरीकडे लागत गेली. समोरचा दत्तू चहाच्या गाड्यावर कपबश्या विसळू लागला आणि खिशात हात घालून चालायला शिकला. शेवंती आणि तिची बहीण पापड लाटायला बसल्या. त्यांच्या हातांना दिवसभर हिंगाचा वास येई. मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटी भावंडं कायमची चढली. बायांना घरात हात मिळाले होते, बाप्यांना कटकट कमी झाली होती, आणि कोणीही वाईट माणूस नसताना शाळा हळूहळू कोणालाच नकोशी होत चालली होती. ताई मला गॅलरीत बसवून पाढे म्हणायला लावी. मी चुकले की ती पट्टी उगारत असे, मारत नसे. खाली तानूमावशी दाराशी बसून वर बघत.

एका रविवारी ताईने अण्णांना विचारलं, "तुम्ही मानता का हो अण्णा, गाड्याचं?"

"छे! शिकलासवरलेला माणूस मी." अण्णांनी पेपर खाली घेतला नाही.

"मग मला जाऊ दे ना शाळेत."

"मी मानत नाही गं. पण लोक मानतात. त्यांची मनं दुखवायची, वर उद्या कोणाला साधी शिंक आली तरी आपल्या नावाने खडे. उगाच कशाला?"

"मग माझी फायनल?"

अण्णांनी पेपर खाली घेतला. त्यांनी आधीच ठरवलेलं होतं, फक्त सांगायचं राहिलं होतं. "आपण गणपतीला गावी जातोय. आत्याचे गुडघे गेलेत, तिला हाताखाली कोणीतरी हवंच आहे. तू तिथे राहा. इथे शाळाच नाही तर बसून काय करणार?"

गावी मुलींना चौथीपुढे शाळा नव्हती. हे अण्णांना माहीत होतं, आईला माहीत होतं, ताईला माहीत होतं. आई भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत उलटायची विसरली.

त्या काळात किती जणांची आयुष्यं या "उगाच कशाला"ने वळवली असतील! मानणाऱ्या माणसांशी ताईला भांडता आलं असतं. न मानणारे हाताला लागत नव्हते.

तिने मानणाऱ्यांना गाठलं. जिवबा नळावर तांब्या घासत होते.

"जिवबा, गाडा मागे का नाही आणायचा?"

"मागं आला की तिच्यासंगं रोगराई आली. नाय आणायचा."

"आणि पुढे?"

"पुढं न्यायचाच असतोय. थांबवायचा नसतोयच मुळी. पण पुढं कुठनं नेणार? इकडं भिताड, तिकडं काटं, पुढं शाळा."

"शाळेच्या मागे ओढा आहे."

"हाय की. मधी शाळा हाय."

"शाळेला मागचं दार आहे, जिवबा."

जिवबांनी तांब्या खाली ठेवला. "येडी का खुळी गं तू? देवीला वर्गातनं न्यायची?"

ताईने मला हाताला धरलं आणि ती तशीच बाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं तोंड फार वाळलं होतं. त्या ताईला म्हणाल्या, "मी हात लावणार नाही, सिंधू. मी ठाण्याची. मी हलवला तर बाईंनी देवी लोटली म्हणतील आणि एक मूल यायचं नाही. तुमच्यातल्याच कोणीतरी न्यायला हवी." मग म्हणाल्या, "दारं मात्र मी सताड उघडून ठेवीन. दोन्ही."

शुक्रवार होता. श्रावणातल्या शुक्रवारी आया जिवतीची पूजा करतात. भिंतीवर जिवतीचं चित्र, त्याला आघाडा-दूर्वांची माळ, गूळ-चण्यांचा नैवेद्य, आणि मग पुरणाचे दिवे करून मुलांना ओवाळायचं. सकाळपासून चाळीत पुरण शिजल्याचा गोड, जड वास भरला होता. प्रत्येक दारातून हाका येत होत्या, ये रे, बस रे पाटावर, हलू नको. खालच्या एकाच खोलीत चूल पेटलेली नव्हती. तानूमावशींनी जिवतीचं चित्र लावलं नव्हतं.

ताईने मला डोळ्यांनी खुणावलं. आई आत पुरणाचे दिवे वळत होती. आम्ही जिना उतरून रस्त्याला लागलो.

गाड्याची दशा झाली होती. देवीच्या चेहऱ्यावरचा रंग ओघळून गळ्यात आला होता, खण पांढरा पडला होता, लिंबं काळी झाली होती, चाकांच्या काड्यांतून गवत वर आलं होतं. काकणं तेवढी हिरवीगार होती, पावसाने धुऊन अधिकच. ताईने परकर खोचला, निखळलेल्या चाकाच्या बाजूने गाडा उचलून बघितला. हलेना. मी दुसरीकडून धरला. तरी हलेना.

तोवर मागे माणसं जमली. सगळ्यांच्या पुढे जिवबा. कोणी जवळ येत नव्हतं.

"ए पोरी! मागं फिर!"

"मागे फिरायचं नसतं ना, जिवबा? तुम्हीच म्हणालात," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीकच होता, पण थरथरला नाही. गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं.

"अगं, तुला काय झालं म्हंजी? तुझ्या बापाला काय सांगू?"

"ते कचेरीत आहेत. मी सांगेन."

गर्दी बाजूला झाली ती तानूमावशींसाठी. त्या कितीतरी दिवसांनी दाराबाहेर पडल्या होत्या. अनवाणी, केस सुटे. त्या सरळ गाड्यापाशी आल्या, देवीकडे बघितलं, मग ताईकडे.

"खंय व्हरतंस गो तिका?"

"पुढे, मावशी. शाळेतून. मागे ओढ्यापर्यंत."

मावशींनी वाकून देवीच्या हातांवरची काकणं सारखी केली, जशी आई शाळेत निघालेल्या मुलीची करते. मग मागे वळून सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या कुसमाची काकणां आसत ती. पावसात कित्याक ठेवलास तिका? लाज नाय वाटली?"

"धर गो त्या बाजून," त्या ताईला म्हणाल्या.

आम्ही तिघींनी गाडा उचलला. कुजकं पाणी हातांवरून कोपरांपर्यंत आलं. अंगणातून जाताना पिंपळाची ओली पानं पायाखाली येत होती. बाई दाराशी उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या आणि त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. सातवीच्या वर्गात महिनाभराचा कोंडलेला वास होता. बाईंनी बाक भिंतीकडे सारून मधे वाट केली होती. दोन्ही दारं उघडी, त्यातून वारा, आणि भिंतीवर नकाशा फडफडत होता. नकाशाखालून मरीआई चालली होती.

मधोमध तानूमावशी थांबल्या. गाडा जमिनीवर टेकला. त्यांनी कधीच शाळा आतून बघितली नव्हती.

"खंयचो कुसमाचो बाक?"

ताईने दाखवला. खिडकीकडचा. मावशी त्या बाकावर बसल्या. तो त्यांना लहान होता. गुडघे वर आले. बाकावर त्यांनी पालथा हात फिरवला, खिडकीतून काय दिसतं ते बघितलं, मग समोर फळ्याकडे बघितलं. फळ्यावर काही नव्हतं. किती वेळ गेला मला माहीत नाही. देवी वर्गाच्या मधोमध बसली होती, मावशी बाकावर बसल्या होत्या, बाई टेबलाशी उभ्या होत्या. दारात माणसं जमली होती, आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी जिवबांचा एक पाय उंबऱ्याच्या आत आला होता.

मावशी उठल्या. "चला," म्हणाल्या. मागच्या दारातून आम्ही गाडा ओढ्याच्या काठाला नेला. तिथून पुढे जिवबांनी धरला. आपण कधी हात लावला हे त्यांनाही कळलं नसावं. ओढा भरून लाल वाहत होता. गाडा पाण्यात तिरका झाला, सरळ झाला, आणि काठाच्या अळवाला घासत वळणाआड गेला.

मग तानूमावशी वळल्या आणि चाळीतल्या आयांकडे बघून म्हणाल्या, "माझां चेडू गेलां. आता देवी गेली. तुमची पोरां हंय धाडा." आणि त्या पुन्हा वर्गातूनच परत गेल्या, त्या बाकाजवळून.

आम्ही घरी आलो तेव्हा गॅलरीत, जिन्यात, दारापुढे तांदूळ सांडले होते. हळदकुंकवाच्या अक्षता. जिवतीच्या दिवशी मूल घरात नसेल तर आई चारी दिशांना अक्षता टाकते, म्हणजे मूल असेल तिथे त्या पोचतात. आईने आम्हाला हाक मारली नव्हती, शोधायला कोणाला पाठवलं नव्हतं. शाळेच्या दिशेला तांदूळ जरा जास्त पडले होते. तिने आमचे बरबटलेले हात धुतले, पाटावर बसवलं, विझलेले दिवे पुन्हा पेटवले आणि ओवाळलं. "सावकाश जेवा," एवढंच म्हणाली.

इथे थांबून मी पुस्तकात लिहितात तसं लिहू शकते, की दुसऱ्या दिवशी शाळा भरली. भरली, पण अर्धी. दत्तू आला नाही. त्याला चहाच्या गाड्यावरची मोकळीक आवडू लागली होती. शेवंती आणि तिची बहीण आल्या नाहीत. कोणाचं लग्न ठरलं होतं, कोणी गावी गेलं होतं ते तिकडचंच झालं. साथीत गेलेल्यांची नावं माणसं घेतात. साथीनंतर जे शाळेत परत आले नाहीत त्यांची कोणी घेत नाही, कारण ते जिवंत होते. मी त्यांचाही शोक करते. मला कोणी विचारलेलं नाही, तरी करते. त्या वर्षाला वाया गेलेलं वर्ष म्हणण्याची रीत आहे. वर्ष आपोआप वाया जात नाही, घातलं जातं, फार सभ्य माणसांकडून, पेपर वाचता वाचता.

ताई फायनल झाली. बाई झाली. विक्रोळीपासून ठाण्यापर्यंत किती मुलांना तिने अक्षरं शिकवली असतील, कोण जाणे. अलीकडच्या महामारीत पुन्हा शाळा बंद झाल्या तेव्हा ती पंचाहत्तरीच्या पुढे होती. इमारतीत काम करणाऱ्या बायकांच्या मुलांना तिने गच्चीवर, तोंडाला फडकी बांधून, लांब लांब बसवून शिकवलं. सोसायटीने नोटीस लावली. तिने त्या नोटिशीवरच मुलांना वाचन शिकवलं. ही बाई शांत होती म्हणतात.

रखवालदाराने मला पाणी आणून दिलं. "रो रही हो क्या, आजी?" "नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. मला राग आला होता, आणि इतक्या वर्षांनी राग येतोय याचं बरं वाटत होतं.

त्या शुक्रवारची संध्याकाळ सांगायची राहिली. अण्णा जिना चढून वर येईपर्यंत त्यांना प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी गाठून सगळं सांगितलं होतं. त्यांनी कोट काढला आणि हातातच धरून उभे राहिले.

"सिंधू, खरं हे?"

"हो अण्णा."

"लोक काय म्हणतायत माहीत आहे?"

"जिवबा म्हणतायत, उद्या धाकट्याला शाळेत घेऊन येतो."

अण्णा खाली बसले. आईने त्यांच्यापुढे पुरणपोळी वाढलेलं ताट सरकवलं आणि ती तिथेच उभी राहिली, नेहमीसारखी आत गेली नाही. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा ताईकडे. मग ताटाकडे बघत हळूच विचारलं, "म्हणजे गणपतीला तू गावी येणार नाहीस?"

"येईन ना," ताई म्हणाली. ती मला उद्यासाठी पाटी पुसून देत होती. "पण गौरी गेल्या की परत यायचं. शाळा आहे."